जागेवरून हलेपर्यंत ग्राह्य

आमची घरगाडी अकरा वर्षांची आहे आणि आजवर एकूण त्रेचाळीस किलोमीटर चालली आहे. त्यांतले एकोणचाळीस ती दुकानातून आणताना झाले. उरलेल्या चारांचा खुलासा असा, की गाडी एकाच जागी उभी राहिली तर टायर खालून चपटे होतात, म्हणून दर पंधरवड्याला ती सात मीटर पुढे आणि सात मीटर मागे घ्यावी लागते. हिशेब कोणीही करून पाहावा, बरोबर येतो.

घरगाडी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुढे स्टिअरिंग आणि मागे संसार. दोन पलंग, एक शेगडी, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि दारावर उघडणारी कापडी छपरी. माणसानं घरासकट बाहेर पडावं अशी यामागची कल्पना आहे. मी चौतीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयाच्या अभिलेख कक्षात काढली. कुठलीही कल्पना नियमांत बसवल्याशिवाय अमलात आणू नये, एवढं तिथं शिकलो.

सध्या मी घरगाडीमालक संघाच्या तांत्रिक समितीचा प्रमुख आहे. संघाच्या मासिक पत्रकात देखभाल आणि प्रवास यांवर सूचना लिहितो. आतापर्यंत एकशे बत्तीस लेख झाले. छपराच्या सांध्यांना वर्षातून दोनदा सील लावावं, गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून गळती पाहावी, बॅटरीची एक तार काढून ठेवावी, टायरांना ऊन लागू नये म्हणून कापडी टोप्या घालाव्यात, ही सगळी माहिती लोकांना माझ्यामुळे मिळाली. एका वाचकानं कळवलं, की तुमच्या सूचना पाळायला लागल्यापासून आम्हाला गाडी बाहेर काढायला वेळच मिळत नाही. ते पत्र मी चौकटीत लावून घेतलं आहे.

संघाच्या आवारात साठ गाड्या सहा रांगांत उभ्या असतात. प्रत्येकीसमोर क्रमांकाचा दगड आहे. आमचा एकोणतिसावा. रविवारी सकाळी सभासद येतात, आपापल्या गाडीसमोर घडीच्या खुर्च्या टाकतात आणि घरून थर्मासमध्ये आणलेला चहा पितात. गाडीतल्या शेगडीवर चहा करता येत नाही, कारण बर्नर एकदा पेटवला की गॅसचा दाखला रद्द होतो. आमच्या सभेत गणपूर्तीचा प्रश्न कधी आला नाही. इतर संस्थांत सभासद बाहेरगावी जातात आणि सभा तहकूब होते, तसं आमच्याकडे अकरा वर्षांत झालेलं नाही.

एकदा मात्र प्रवास झाला होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. संघ स्थापन झाला त्या वर्षी संस्थापक सपत्नीक निघाले. पहिल्याच वळणावर भांड्यांचा खण उघडला आणि तवा त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लागला. ते तिथूनच परतले आणि सर्वसाधारण सभेत पाठ फिरवून उभे राहिले. सभेनं ते टेंगूळ पाहिलं आणि एकमतानं ठरवलं, की यापुढे असं होता कामा नये. त्यातून नियमावली जन्माला आली. ती आज दोनशे बारा पानांची आहे. टेंगूळ पाच दिवसांत उतरलं होतं.

नियमावलीनुसार आवारातून गाडी बाहेर काढायची तर प्रस्थानाचा दाखला लागतो आणि त्यासाठी चार दाखले जोडावे लागतात: पाणी, गॅस, वजन आणि हवा.

पाण्याचा दाखला निवृत्त मुख्याध्यापिकाबाई देतात. टाकी काठोकाठ भरून अठ्ठेचाळीस तास ठेवायची आणि पातळी केसभरही उतरली नाही तर दाखला. त्याची मुदत तीन दिवस. मुदतीत टाकीतलं पाणी कमी झालं तर दाखला रद्द.

गॅसकडे निवृत्त दंतवैद्य पाहतात. ते दात तपासायचा आरसा घेऊन येतात, नळीच्या सांध्याला फेस लावतात आणि बुडबुडा येतो का याची वाट पाहतात. नियमाप्रमाणे दहा मिनिटं पाहायचं असतं. ते तासभर पाहतात.

वजन आणि हवा ही दोन्ही खाती वजनमामांकडे आहेत. मामांनी धान्याच्या गोदामात काट्यावर जन्म काढला. गाडीचं वजन पाण्याची टाकी रिकामी असतानाच करायचं, असा त्यांचा दंडक आहे.

"पाणी हलतं," ते म्हणतात, "आणि जी वस्तू हलते तिच्या वजनावर मी सही करत नाही."

म्हणजे पाण्याचा दाखला मिळाल्यावर वजनासाठी टाकी रिकामी करावी लागते आणि टाकी रिकामी केली की पाण्याचा दाखला रद्द होतो. ही अडचण सहा वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आली. मी लगेच उपसमिती नेमली. तिनं असा तोडगा सुचवला, की वजनाच्या वेळी रिकामी टाकी भरलेली आहे असं मानावं. बाईंनी मान्यता दिली. मामा म्हणाले, भरलेली मानायची तर तेवढं वजनही धरावं लागेल, आणि मानलेलं वजन काट्यावर दिसत नाही. विषय अजून विचाराधीन आहे.

राहिला हवेचा दाखला. तो मामा सर्वांत शेवटी, सकाळी टायर थंड असताना देतात. त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: 'गाडी जागेवरून हलेपर्यंत ग्राह्य.' हा मजकूर माझाच आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीनं तो किती निर्दोष आहे हे आकडे सांगतात. अकरा वर्षांत साठ गाड्यांचे मिळून अपघात शून्य.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या बायकोनं मध्येच प्रवासाचा विषय काढला.

बायकोबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ती अठ्ठावीस वर्षं ग्रंथालयाची फिरती पुस्तकगाडी चालवत होती. सहा टन पुस्तकं घेऊन चिखलातून, घाटातून, अरुंद गल्ल्यांतून रोज जायची आणि रोज परत यायची. पण देखभालीचं शास्त्रशुद्ध ज्ञान तिला नाही. टायरमधली हवा पाहायची तर ती टायरला लाथ मारते आणि आवाज ऐकते. मी तिला कितीदा सांगितलं, की याला मोजमाप म्हणत नाहीत. त्यावर ती म्हणते, "पोचायचे ना मी?"

घरगाडी घ्यायची तिचीच इच्छा होती. तिची मोठी बहीण, म्हणजे ताई, साडेतीनशे किलोमीटरवर समुद्राकाठच्या एका गावात राहते. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच हिला वाढवलं. शाळा सुटायच्या वेळी ती फाटकाशी उभी असायची. हिला शिकवण्यात आणि वडिलांचं दुखणं काढण्यात तिचं वय गेलं. घराच्या गच्चीवरून लांब टोकाला एक दीपगृह दिसतं. ते जवळून बघायचं एवढी एकच हौस ताईनं आयुष्यात बोलून दाखवली. तिचे गुडघे बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत. म्हणून चाकांवर पलंग असलेली गाडी घ्यायची आणि ताईला त्या टोकाशी न्यायचं, असं ठरलं होतं. अकरा वर्षांपूर्वी.

बायको दर वर्षी दोन दिवस बसनं ताईकडे जाऊन यायची. दर वर्षी ताई विचारायची, "भाऊजींची गाडी झाली का तयार?" आणि ही म्हणायची, "होतेय."

त्या दिवशी मी फ्रिजची पातळी साधत होतो. फ्रिज तिरका राहिला तर नीट गार होत नाही, हा माझा अठ्ठ्याण्णवावा लेख. बायको गाडीच्या पायरीवर येऊन बसली.

"अहो, ताईचा फोन होता."

"बरी आहे ना?"

"मला तीनदा विचारलं, शाळा सुटली का म्हणून."

मी पातळीचा बुडबुडा मध्यावर आणत होतो, त्यामुळे लगेच उत्तर देता आलं नाही.

"विसरायला लागलीय हो ती," बायको म्हणाली. "अजून मला ओळखते. आता तरी तिला ते दीपगृह दाखवू या. गाडी मी चालवतेय, हे तिला कळतंय तोवर."

"अर्ज कर," मी म्हणालो.

"कोणाकडे?"

"माझ्याकडे."

तिनं हात पुढे केला. मग म्हणाली, "द्या फॉर्म."

फॉर्ममध्ये अठरा रकाने आहेत. नववा असा आहे: 'कोणाकडे जावयाचे आहे.' अभिलेख सांभाळणारा म्हणून या रकान्याबद्दल मला थोडं ठाऊक आहे. पुष्कळ अर्जांत नवव्या रकान्यातलं नाव लाल शाईनं खोडलेलं आहे आणि बाजूला शेरा आहे, 'प्रयोजन संपुष्टात.' दंतवैद्यांना शाळेतल्या मित्राला भेटायला जायचं होतं. फेसासाठी कोणता साबण प्रमाण मानावा या वादात त्यांची फाइल तीन वर्षं राहिली. मग त्यांनी नवव्या रकान्यातलं नाव खोडण्याचं दुरुस्तीपत्र भरून दिलं, अगदी नियमाप्रमाणे. तेव्हापासून ते बुडबुड्याची वाट दहा मिनिटांऐवजी तासभर पाहतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही.

बायकोनं नवव्या रकान्यात 'ताई' एवढंच लिहिलं. मी संपूर्ण नाव लिहायला लावलं. शिवाय भेट एकतर्फी नसावी म्हणून कलम सत्तेचाळीसप्रमाणे ताईचं संमतिपत्र लागणार होतं, साठ दिवसांच्या आतल्या तारखेचं, स्वहस्ताक्षरात.

आठ दिवसांनी पत्र आलं. अक्षर थरथरतं होतं पण वाचता येत होतं. 'लवकर ये. मी फाटकाशी उभी आहे.' खाली सही होती. वर तारीख होती. ती त्रेपन्न वर्षांपूर्वीची होती.

मी नियम पुन्हा वाचला. साठ दिवसांत ती बसत नव्हती. सवलत द्यावी असं क्षणभर वाटलं, हे लपवत नाही. पण समितीप्रमुखाच्या बायकोला एक न्याय आणि दंतवैद्यांना दुसरा, हे मला कदापि मान्य नव्हतं. मी शेरा लिहिला, 'संमतिपत्र मुदतबाह्य. नवीन तारखेचे सादर करावे.' खाली सही केली आणि अर्ज स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिच्या चष्म्याशेजारी ठेवला.

बायकोनं शेरा वाचला. दोनदा वाचला. पत्र उचलून घडी केली आणि पर्समध्ये ठेवलं. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडणासाठी अपिलाची तरतूद आहे, नमुना ड. तिनं तो मागितला नाही.

मंगळवारी सकाळी तिनं दोन चादरी, एक उशी, पावाचा पुडा आणि ताईच्या गुडघ्यांना लावायचं तेल अशी पिशवी भरली. आम्ही आवारात गेलो. मला वाटलं गाडी झाडायची असेल. तिनं टायरांच्या टोप्या काढून माझ्या हातात दिल्या. चारही टायरांना एकेक लाथ घातली. डाव्या मागच्याजवळ थांबली, कान दिला, पायपंपानं थोडी हवा भरली आणि पुन्हा लाथ घातली. बॅटरीची तार जोडली. भांड्यांच्या खणाला दोरी बांधली. या सगळ्याला चौदा मिनिटं लागली. घड्याळ माझ्या हातावर होतं.

"अगं, चारांपैकी एकही दाखला नाही," मी म्हणालो.

"येताय का?"

"असा कसा येणार? मी तांत्रिक समितीचा प्रमुख आहे."

"म्हणून तर विचारलं," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

गाडी पहिल्यांदा सात मीटरच्या पुढे गेली. मी टोप्या धरून उभा होतो. फाटकाशी वळताना तिनं हात बाहेर काढून दाखवला आणि गेली. खणातली भांडी वाजली नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी तातडीची सभा झाली. गणपूर्ती अर्थातच होती. मुख्याध्यापिकाबाईंनी मूळ मुद्दा मांडला. प्रस्थानाच्या दाखल्याशिवाय गाडी आवाराबाहेर जाऊ शकत नाही. एकोणतीस क्रमांकाला दाखला दिलेला नाही. सबब एकोणतीस क्रमांकाची गाडी आवारातच आहे.

"पण दिसत नाही," वजनमामा म्हणाले.

"दिसण्याचा रकाना आपल्याकडे नाही," बाई म्हणाल्या.

मामांनी मान डोलावली. त्यांनी तिथंच सांगून टाकलं, की आता या गाडीचं वजन घ्यायला अडचण नाही, कारण टाकीत पाणी निश्चितपणे नाही. काटा मांडला. शून्य आलं. मामांनी सही केली. संघाच्या इतिहासातला तो पहिला निर्विवाद वजनाचा दाखला. बाईंनी गुरुवारी सकाळी पाण्याचाही दाखला दिला, कारण मंगळवार सकाळपासूनच्या अठ्ठेचाळीस तासांत पातळी केसभरही उतरली नाही. हवेचा दाखला मिळाला, कारण गाडी जागेवरून हलेल असं कुठलंच चिन्ह नव्हतं. फक्त दंतवैद्य आरसा हातात घेऊन त्या रिकाम्या चौकोनाकडे तासभर बघत बसले आणि सही न करता घरी गेले.

गुरुवारी दहा वाजता एकोणतीस क्रमांकाला चारांपैकी तीन दाखले होते. इतकं यश संघातल्या कुठल्याच गाडीला मिळालं नव्हतं. बातमी सांगावी म्हणून मी बायकोला फोन केला. फोनमध्ये वारा ऐकू येत होता.

"पोचलात का दोघी, तू नि गाडी... म्हणजे, पोचलीस का तू?" मी विचारलं.

"परवाच. वाटेत एक टायर बसला. बदलला. कापडी छपरी उघडली ती आता मिटत नाही."

"एकशे सतरावा लेख वाच. दांडीला तेल..."

"गुडघ्यांचंच लावलं. नाही मिटली. राहू दे, सावली छान पडते."

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "ताईनं ओळखलं?"

"मंगळवारी ओळखलं. माझा हात धरून बसली होती. झोपेपर्यंत सोडला नाही." वारा जरा जोरात आला. "काल सकाळी मला म्हणाली, तुम्ही कोण? मी म्हटलं, ड्रायव्हर. तर म्हणाली, फार उशीर केलात."

मी हातातले तीन दाखले खाली ठेवले.

"मग स्वतःच दार उघडून पुढच्या सीटवर बसली. कालपासून दीपगृहाशी आहोत. ती खाली पायरीवर बसून वर बघतेय. मधूनच मला म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीला दाखवायला हवं होतं हे."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, दाखवू. या ना तुम्ही. बस आहे रोज आठची."

बस आहे, हे खरं आहे. आवाराच्या समोरूनच सुटते. शुक्रवारी मी पावणेआठला थांब्यावर हजर होतो, बॅग घेऊन, टायरांच्या चार टोप्याही घेऊन, कारण समुद्राकाठचं ऊन टायरांना वाईट. बस आली. मी कंडक्टरला ब्रेकच्या शेवटच्या तपासणीचा दाखला विचारला.

"काका, बसताय का?" तो म्हणाला.

"तपासणीची तारीख तरी सांगा."

"काका, मागं लोक आहेत."

बस गेली. चूक माझी नाही, मी रीतसर विचारलं होतं. घरी येऊन मी प्रस्थानाचा अर्ज भरला, गाडी क्रमांक एकोणतीस, कारण अभिलेखाप्रमाणे ती आवारातच आहे. नवव्या रकान्यात दोन नावं लिहिली. तो अर्ज आता माझ्याच टेबलावर आहे. घाई केली तर लोक बोट दाखवतील, म्हणून मी तो क्रमानं घेणार आहे. माझ्याआधी बावन्न अर्ज आहेत. रोज सकाळी त्या रिकाम्या चौकोनाशी जातो, चारही टोप्या आपापल्या जागी मांडतो आणि नोंदवहीत सही करतो. दंतवैद्य तिथं आधीच येऊन बसलेले असतात. परवा ते म्हणाले, "गेली ना त्या दिवशी, तेव्हा बरं वाटलं हो." मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

सभासद होण्याची पात्रता अनेक जण विचारतात, म्हणून शेवटी सांगतो. गाडी असायलाच हवी अशी अट आता राहिलेली नाही. माणूस निघण्याऐवजी निघण्याबद्दल वाचत बसतो का, एवढंच समिती पाहते. आपण इथवर वाचलंत, म्हणजे आपली तपासणी पूर्ण झाली आहे. अभिनंदन. फॉर्म सोबत जोडला आहे. अठरापैकी सतरा रकाने शाईनं भरावेत.

नववा रकाना भरताना घाई करू नका. आपली कोण वाट पाहतंय ते आठवून, संपूर्ण नाव लिहा. फक्त पेन्सिलीनं लिहा. शाई खोडताना कागद फाटतो, असा आमचा अनुभव आहे.